खिडकीतली केशरी

१

केशरी मेली नव्हती. सुकली नव्हती, सांडली नव्हती, कुणी उचलून नेलीही नव्हती. सोमवारी सकाळी ती खिडकीत जिथल्या तिथे होती. फक्त ती केशरी नव्हती.

"आत्या, कुणीतरी बदललीय गं," एवढं फोनवर बोलून भाची रडायला लागली.

आमची ही एका हाताने फोन धरून ऐकत होती आणि दुसऱ्या हाताने चहा ढवळत होती. ढवळणं थांबलं तसा मी चपला शोधायला उठलो. मी जन्मभर लोकांचे जमाखर्च तपासले, पण संसारात एवढाच हिशेब पक्का शिकलो: ही ढवळता ढवळता थांबली, की चहा तसाच राहतो आणि मला कुठेतरी जावं लागतं.

ही म्हणजे माझी बायको. हिने आयुष्यभर जिवाणूंना नावं दिली आणि मला ठेवली. आता निवृत्त झालीय, म्हणजे पहिलं काम बंद आहे.

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणापासून ती सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. आत्याच्याच संस्थेत, आत्याच्याच जुन्या टेबलावर ती संशोधन करते. संस्थेच्या मागच्या काचघरात टोमॅटोची रोपं आहेत. गेल्या वर्षी त्यांना मर लागली. सगळी रोपं माना टाकून बसली आणि एकच मधोमध ताठ उभं राहिलं. मुंगीने ते उपटलं, त्याची मुळं धुतली आणि ते धुवण जेलीच्या प्लेटवर पसरलं. ही प्लेट म्हणजे झाकणाची चपटी, पारदर्शक डबी, आत खाण्याची सोय केलेली घट्ट जेली. जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण जेलीवर त्यांची वस्ती वाढली की ठिपके दिसतात. त्या पांढुरक्या गर्दीत एक ठिपका केशराच्या रंगाचा होता. मुंगीने तो जगातल्या सगळ्या नोंदवलेल्या जिवाणूंशी ताडून पाहिला. जुळला नाही. नवा होता. घरात त्याचं नाव पडलं केशरी.

पण बारसं घरात करून भागत नाही. नियम असा, की नव्या जिवाणूचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-बँकांमध्ये ठेवायचा. दोघींनी "होय, तुम्ही वर्णन केलंय तोच हा" असं म्हटलं, तरच नाव मान्य. येत्या शनिवारी दुपारी नमुना न्यायला कुरियरवाला येणार होता. आणि दूर कुठल्याशा देशात दुसऱ्या एका गटालाही असाच एक जिवाणू सापडल्याची कुणकुण होती. जो आधी पोचेल त्याचं नाव लागणार. मुंगीची सगळी मेहनत, पदवी, सगळं त्या एका ठिपक्यात होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मुंगी टेबलाशी उभी होती. नाक लाल.

"शुक्रवारी संध्याकाळी मी ताज्या जेलीवर पेरली," ती म्हणाली. "पाठवायचा नमुना ताजाच हवा, म्हणून जुन्या प्लेटा नियमाप्रमाणे उकळून टाकल्या. नव्या नेहमीसारख्या खिडकीत ठेवल्या."

"खिडकीत का?" मी विचारलं. अडाणी प्रश्न विचारायचा मक्ता माझा आहे.

"अहो आतोबा, उबवण्याची पेटी तापवून ठेवलेली असते. मुळांवरच्या जिवाणूंना एवढी ऊब सोसत नाही. माझी केशरी पहिल्या दिवसापासून ह्या कट्ट्यावर वाढलीय. शनिवार-रविवार मी घरी होते. आज येऊन बघते तर हे."

तिने प्लेट पुढे केली. ठिपके होते, छान गोल, तुकतुकीत. पण पांढरे. दुधाचे थेंब सांडल्यासारखे. सगळ्या प्लेटांवर तेच.

"कुणी बदलली ते मला माहितीय," मुंगी दात आवळून म्हणाली. "शेजारच्या टेबलावर तो वकील बसतो ना, तो ह्याच टोमॅटोच्या मुळांवरच्या एका साध्या जिवाणूवर काम करतो. पांढऱ्या. ही त्याचीच पिल्लं आहेत."

हिने प्लेटांची चळत उचलली. झाकण उघडलं नाही. चळत नाकाजवळ नेली आणि भाजीवाल्याकडे कोथिंबीर हुंगावी तशी हुंगली. दोनदा.

"मुंगे, तुमच्याकडे लोकरीचे कपडे कुठे ठेवतात?"

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि एवढ्या उकाड्यात जाड स्वेटर घातलेला एक तरुण आत आला.

२

तोच वकील. कायद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कुठल्याही वाक्यानंतर "कशावरून?" विचारायची सवय, म्हणून ते नाव. यंत्रांच्या खोलीत गारठा ठेवतात, तिथे तो दिवसभर असायचा, म्हणून स्वेटर. आम्हाला पाहून त्याने तो काढला, घडी केली, खिडकीखालचा खण उघडला आणि आत ठेवला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला.

मी हिच्याकडे पाहिलं. ही नखं बघत होती.

"बस," ही म्हणाली. "चहा घेणार?"

"घेईन."

"साखर?"

"नको. म्हणजे... चालेल. असेल तशी."

जिवाणू ओळखताना ही त्यांना निरनिराळ्या साखरा खायला घालते. कोण काय पचवतो, कोण तोंड फिरवतो, त्यावरून जात ठरवते. माणसांनाही तीच चाचणी. लग्न ठरवताना हिने मला बिनसाखरेचा चहा दिला होता आणि मी तो "उत्तम" म्हणून प्यायलो होतो. माझी जात तेव्हाच ठरली.

"मुंगीचं आणि तुझं वाजलंय म्हणे," ही म्हणाली.

"आम्ही बोलत नाही," वकील म्हणाला. मुंगी दोन हातांवर पाठ करून उभी होती, ती भिंतीला म्हणाली, "काही लोकांशी बोलण्यासारखं नसतंच."

"झालं काय होतं?"

"मी सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं," वकील म्हणाला, "की वर्णनाचं पहिलंच वाक्य 'केशरी रंगाचा' असं नको. रंग हा काही पुरावा नाही. रंगाचं काय सांगावं?"

"आणि आता रंगच गेला!" मुंगी भिंतीला म्हणाली. "वा! स्वतःचं म्हणणं खरं करून दाखवलं."

वकिलाचा चेहरा पडला. मी माणसांच्या चेहऱ्यांची बाकी बरी काढतो. ह्याच्या खात्यात अपराध होता, पण तो चोरीच्या सदरात बसत नव्हता.

"तू ह्या प्लेटांना हात लावलास?" हिने विचारलं.

"मी काही बिघडवलेलं नाही."

"मी ते विचारलं नाही रे बाळा."

वकील कपातल्या चहाकडे बघत राहिला. "कशावरून" आलं नाही, "पुरावा काय" आलं नाही. वकील गप्प बसला, हेच मला त्या खोलीत सगळ्यात विचित्र वाटलं.

खिडकीबाहेर पत्र्याच्या डब्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. शिडीवरून एक रंगारी चौकट रंगवत होता, आणि आमचं सगळं ऐकत होता.

"मावशी, एक सांगू का?" तो बाहेरूनच म्हणाला. "ह्या खिडकीचा पहिला हात मी रविवारी मारला. हा कट्टा मी स्वतः पुसून घेतला. तेव्हा इथे काही नव्हतं. डब्या नाहीत, काही नाही. रिकामा!"

मुंगी गर्रकन वळली.

"पाहिलंस? नेल्या होत्या! नेऊन, बदलून, परत ठेवल्या!"

३

"अगं, पोरगा अडकला की," मी व्हरांड्यात हळूच म्हणालो. "डांबराच्या गोळ्या, रिकामी खिडकी, गप्प तोंड. बेरीज जुळली."

"तुमच्या बेरजा नेहमीच जुळतात," ही म्हणाली. "मला वजाबाकी जुळत नाहीये. बदलायच्याच असत्या तर केशरी प्लेट उचलायची, पांढरी ठेवायची, क्षणाचं काम. त्यासाठी सुटीभर खणात कशाला ठेवेल कुणी? आणि मुंगीचं अक्षर झाकणांवर जसंच्या तसं आहे."

"मग?"

"मग आधी हे पांढरं कोण आहे ते त्यालाच विचारू. रंगावरून कशाला नाव द्या?"

हे विचारायला परवानगी हवी होती मॅडमची. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. सगळी संस्था त्यांना टरकते, पण त्या एके काळी हिच्या विद्यार्थिनी. आम्ही दारात दिसताच त्या फोन घाईने ठेवून उभ्या राहिल्या आणि बिस्किटाचा पुडा खणात सारला. फोनवरचं शेवटचं वाक्य मला ऐकू आलं होतं: "नाही, अजून पाठवलेलं नाही, पण हे इथे कुणाला कळू देऊ नका."

मी ते वाक्य मनात नावे टाकून ठेवलं.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मॅडम म्हणाल्या.

"बस गं. केशरीचा बर्फातला साठा आहे ना?"

"आहे. शीतपेटीत. चावी माझ्याकडे असते."

"फक्त तुझ्याकडे?"

मॅडमचे कान लाल झाले. "हो, बाई."

मागोमाग आलेली मुंगी मॅडमकडे नव्याच नजरेने पाहू लागली. संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की सगळ्यांच्या ताटावर बसतो.

साठ्यातली एक नळी बाहेर काढली. मुंगीने माझ्यादेखत ती ताज्या प्लेटांवर पेरली. पण आता खिडकी नको म्हणाली. प्रयोगशाळेत भिंतीतलं एक काचेच्या दाराचं कपाट होतं, ते तिने रिकामं केलं. प्लेटा आत ठेवल्या, कुलूप लावलं, चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. तरी समाधान होईना. जाड खाकी कागद आणून काचेवर आतून-बाहेरून चिकटवला.

"कागद कशाला?" मी विचारलं.

"कुणी डोकावायलासुद्धा नको!" असं म्हणून तिने वकिलाच्या टेबलाच्या दिशेने चिकटपट्टी टराटरा फाडली.

ही तोवर दुसऱ्या टेबलाशी रमली होती. खिडकीतल्या पांढऱ्या ठिपक्याचा कण घेतला, त्या प्लेटा पुरावा म्हणून खणात बंद केल्या आणि कण एकेक साखर घातलेल्या लाल पाण्याच्या नळ्यांमध्ये सोडला. वकिलाच्या पांढऱ्या जिवाणूचाही कण मागून घेतला आणि तशाच नळ्यांच्या दुसऱ्या रांगेत सोडला. साखर पचली की जिवाणू आंबट होतात आणि लाल पाणी पिवळं पडतं. केशरी काय पचवते ते मुंगीने मागेच तपासलेलं होतं.

"गुरुवारपर्यंत कळेल," ही म्हणाली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिने घरी जाताना रस्त्यात गाणं गुणगुणलं. मी ते जमेस धरलं.

४

गुरुवारी दुपारी मुंगीने गळ्यातल्या चावीने कुलूप उघडलं. आम्ही सगळे मागे उभे होतो: ही, मी, मॅडम, आणि जरा लांब वकील.

तिने वरची प्लेट न बघताच पूर्ण चळत बाहेर काढली, टेबलावर मांडली आणि खुर्चीत बसली.

पांढऱ्या. पहिल्या नजरेत तरी एकजात पांढऱ्या.

"चावी माझ्या गळ्यात होती," ती म्हणाली. "मी अंघोळीलासुद्धा काढली नाही."

 मग ती उठली. तिचा आवाज आता रडका नव्हता, कोरडा होता, आणि तो मला जास्त लागला.

"म्हणजे साठाच बदललाय. शीतपेटीतला. मॅडम, चावी तुमच्याकडे असते. आणि सोमवारी तुम्ही फोनवर कुणाला सांगत होतात, कळू देऊ नका म्हणून? तेही मी ऐकलंय."

"मुंगे!" मी म्हणालो.

"नाही आतोबा, बोलू दे मला. संपलं सगळं. माझ्याकडे केशरी नाहीच उरली. असेल तर त्या दुसऱ्या देशातल्या लोकांकडे."

तिने भेसळीच्या डब्यात एकेक प्लेट टाकायला सुरुवात केली. प्रयोगशाळेचा नियम कडक: भेसळ झालेलं काहीही संध्याकाळच्या आत ऑटोक्लेव्हमध्ये जायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत बसेल एवढा प्रेशर कुकर. त्यातून काही जिवंत बाहेर येत नाही. खिडकीतल्या प्लेटा गेल्या. कपाटातल्या जाऊ लागल्या. शीतपेटीतल्या उरलेल्या नळ्याही तिने मागवल्या. मॅडमनी खालमानेने ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं.

"ही बघा, हिच्यात तर सरळ दोन-दोन जिवाणू आहेत," शेवटची प्लेट वर धरून मुंगी म्हणाली. "भेसळीवर भेसळ."

चळतीतली ती सगळ्यात वरची प्लेट होती. तिच्या एका कडेला चंद्रकोरीसारख्या भागातले ठिपके केशरी होते. बाकी पांढरे.

"दे इकडे," ही म्हणाली.

तिने प्लेट घेतली. कपाटाशी गेली. प्लेट होती तशी आत ठेवली, मुंगीच्या अक्षरातलं लेबल पुढे येईल अशी, आणि दार लावून घेतलं. काचेवरच्या दोन्ही खाकी कागदांचा वरचा कोपरा सुटून लोंबत होता. ते भोक आणि आतली ती केशरी कोर, समोरासमोर.

हिने चहाचा कप मागितला. ढवळला. ढवळता ढवळता थांबली.

"ऑटोक्लेव्ह बंद कर," ती मॅडमना म्हणाली. "चोर सापडला का विचाराल, तर नाही सापडला. इथे चोरी झालेलीच नाही. कुणीतरी रोज ह्या पोरीला काहीतरी देत होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं दार बंद केलंत."

५

"बसा सगळे," ही म्हणाली. सगळे बसले. मॅडमसुद्धा, पहिल्या बाकावर बसल्यासारख्या.

"आधी साखरा." तिने नळ्यांच्या रांगा पुढे ओढल्या. काही पाणी लाल, काही पिवळं. "ही वकिलाच्या जिवाणूची रांग. ही खिडकीतल्या पांढऱ्याची. सारख्या आहेत?"

"नाहीत," वकील म्हणाला. "दुधाची साखर माझा पचवतो. हा पचवत नाही."

"म्हणजे हे तुझं पिल्लू नाही. मुंगे, केशरी काय काय पचवायची?"

मुंगीला ते पाठ होतं. ती एकेक साखर सांगत गेली, ही एकेका नळीवर बोट ठेवत गेली. पिवळं म्हटलं तिथे पिवळं, लाल म्हटलं तिथे लाल. शेवटाकडे मुंगीचा आवाज बारीक झाला.

"सगळंच जुळतंय," ती म्हणाली.

"खाणंपिणं तेच, आवडीनिवडी त्याच. फक्त लुगडं पांढरं. मग बाई वेगळी कशी?"

"पण मग रंग..."

"रंग ती अंगावर घेऊन जन्मत नाही. उजेड पडला की घालते. उन्हात निघताना आपण टोपी घालतो तसं. मुळांवरची आहे ना ती, मातीत अंधारच असतो, तिथे टोपी कशाला? तू तिला पहिल्या दिवसापासून खिडकीत वाढवलंस, म्हणून तुला ती टोपीतच दिसली. तू टोपीलाच बाई समजलीस."

मुंगीने तोंडावर हात ठेवला.

"कपाटात तू तिला अंधारात कोंडलंस. जितकी जास्त जपलीस तितकी पांढरी पडली. कागदाचा कोपरा सुटला तिथून जेवढा उजेड आला, तेवढीच कोर रंगली. दोन जिवाणूंची भेसळ असती तर ठिपके सगळीकडे विखुरले असते. दाराकडच्याच बाजूला ओळीने उभे राहिले नसते."

"पण बाई," मॅडम म्हणाल्या, "सोमवारच्या प्लेटा तर कपाटात नव्हत्या. खिडकीतच होत्या."

"त्या सुटीत कुठे होत्या, ते हा सांगेल."

वकिलाने मान वर केली. त्याचे कान केशरी झाले होते. त्याच्यावर उजेड बराच पडला होता.

"रविवारी रंगारी येणार हे शुक्रवारी संध्याकाळी कळलं," तो म्हणाला. "ही निघून गेली होती. खिडकी उघडणार, धूळ, रंगाचे थेंब... म्हणून मी प्लेटा माझ्या खणात ठेवल्या. स्वेटरमध्ये गुंडाळून. सोमवारी ही यायच्या आत परत ठेवल्या."

"सांगितलं का नाहीस?" मुंगी थेट त्याला म्हणाली. भिंतीला नाही.

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी."

"म्हणून तू पण नाही बोललास?"

"आधी कोण बोलणार? मग सोमवारी तू 'ह्यानेच बदलल्या' म्हणालीस. त्यानंतर 'हो, मी नेल्या होत्या' म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"तुला 'कशावरून' विचारायला काय झालं होतं? एरवी ऊठसूट विचारतोस!"

"एवढी रडत होतीस," वकील म्हणाला. "कसं विचारणार?"

 तिने त्याच्याकडे पाहिलं, मग एकदम खणाकडे पाहिलं. "स्वेटरमध्ये?" ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "माझी केशरी डांबराच्या गोळ्यांत?"

"आणि तो फोन?" मी विचारलं. माझ्या वहीखात्यात एक रक्कम अजून लोंबत होती.

मॅडमनी खोल श्वास घेतला. "जिवाणू-बँकेला केला होता. थोडी मुदत मागत होते. आजवर ह्या प्रयोगशाळेने कुणाकडे मुदत मागितलेली नाही. इथे कळलं असतं तर उद्यापासून सगळ्यांनी माझ्याकडे मागितली असती."

मुंगी उठून मॅडमच्या पायाशी बसली. मॅडम "अगं ऊठ, अगं ऊठ" म्हणत राहिल्या आणि शेवटी तिला बिस्किटाचा पुडा दिला.

"हे सगळं ठीक," वकील म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "पण बाई, एक कोर म्हणजे पुरावा नव्हे. बँकेने विचारलं, कशावरून, तर?"

"आता कसा शोभतोस!" ही खूश होऊन म्हणाली. "मुंगे, पांढऱ्यातला कण घे आणि ह्या प्लेटवर सगळीकडे सारव. एक बोटभर जागा मोकळी सोडू नकोस."

मुंगीने सारवली. हिने प्लेट खिडकीच्या कट्ट्यावर पालथी ठेवली, कपातला चमचा काढला, पुसला आणि प्लेटच्या पाठीवर आडवा ठेवला.

"दिवा मालवू नका. चमच्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

दिवे चालू ठेवले म्हणून आजवर शिपायापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांवर ओरडलेल्या मॅडमनी, स्वतःच्या हाताने बटणावर चिठ्ठी लावली: मालवू नये.

६

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा मुंगी आणि वकील दोघेही खिडकीशी उभे होते आणि भांडत होते. चमचा आधी कुणी उचलायचा ह्यावरून. मला एवढं समाधानाचं भांडण बऱ्याच दिवसांत ऐकायला मिळालं नव्हतं.

"मीच उचलते. माझा चमचा आहे," ही म्हणाली.

तिने उचलला. प्लेट उजेडाकडे धरली.

सगळी प्लेट केशरी झाली होती, झेंडूच्या शेतासारखी. आणि मधोमध एक पांढरा चमचा होता. दांडा, खोलगट वाटी, दांड्याच्या टोकाची नक्षीसुद्धा. जणू कुणी रांगोळीने काढलाय.

वकिलाने वाकून पाहिलं. "मान्य," तो म्हणाला. मुंगीने त्याला कोपराने ढोसलं. "परत म्हण." "मान्य म्हटलं ना!"

वर्णनाचं पहिलं वाक्य मुंगीने तिथेच बदललं: उजेडात केशरी, अंधारात पांढरा. वकील म्हणाला, आता हे वाक्य कुठल्याही न्यायालयात टिकेल. शिवाय रंग उजेडावर बदलतो ही गोष्ट त्या दूरच्या गटाला माहीत असण्याची शक्यता कमी, असंही तो म्हणाला, आणि मुंगीने त्याला कशावरून ते विचारलं नाही.

कुरियरवाला येईपर्यंत नावाचा घोळ उरला होता. मुंगी आत्याजवळ सरकली. "आत्या, सांगणार नव्हते, पण... तुझं नाव देणार होते तिला. अगदी पहिल्यापासून."

हिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग म्हणाली, "माझं नाव? उजेडात आणलं की लाल होणाऱ्या बयेला? ह्यांना विचार बरं मी अशी आहे का."

"उजेड लागत नाही," मी म्हणालो. "मी समोर आलो तरी होते."

सगळे हसले. ही पण हसली. मग तिने मुंगीचा हात हातात घेतला.

"बाळा, माझं नाव वाचून कुणाला काय कळणार? उद्या जगात कुठेतरी एखादी पोर हिला कपाटात वाढवेल. पांढरी बघून तुझ्यासारखीच रडेल, आणि शेजारच्या बिचाऱ्या पोरावर आळ घेईल. नाव असं दे, की ते वाचून तिने काय करायचं ते तिला कळेल."

मुंगीने खिडकीकडे पाहिलं. रंगाऱ्याने चौकट पांढरीशुभ्र केली होती. कट्ट्यावर प्लेटच्या बुडाचे जुने गोल डाग होते, कितीतरी.

जिवाणूंची नावं लॅटिनमध्ये द्यावी लागतात. मॅडमनी शब्दकोश काढला, वकिलाने व्याकरण तपासलं. त्या नावाचा अर्थ एवढाच होता: खिडकीतली.

दोन्ही खोके गेले. हिने चमचा परत मागितला, तर मॅडम म्हणाल्या, "बाई, नियम आहे. ऑटोक्लेव्हमधून काढल्याशिवाय बाहेर नेता येणार नाही." ही इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने पेन्सिलीने चहा ढवळला.

पुढच्या महिन्यात एका बँकेतून मॅडमना फोन आला. आम्ही तिथेच होतो. पलीकडचा माणूस फार सभ्यपणे सांगत होता, की माफ करा, पण आपण केशरी म्हटलेला नमुना आमच्याकडे पांढरा उगवला आहे, काही गल्लत तर झाली नाही ना?

मॅडम, मुंगी, वकील आणि ही, चौघे एका सुरात ओरडले, "खिडकीत ठेवा!"

त्याने ठेवला. होय म्हणाला.

दुसऱ्या बँकेतून मात्र फोन आलाच नाही, सरळ होकार आला. तिथे बहुधा कुणीतरी नाव वाचलं होतं.